शिवरात्रीनंतरचा घास

कासुर्डी, १२ एप्रिल २०२५

सोपान,

आशीर्वाद लिहायचा रिवाज आहे म्हणून लिहिते. मोठी बहीण आहे, तो काही मागे घेता येत नाही. बाकी या पत्रात गोड काही नाही. दुकानातलं गिऱ्हाईक गेलं की बसून वाच.

माझ्या परड्यातल्या कांद्याला युरिया कुणी घातला?

ठाऊक असून विचारते. शेजारच्या साखरबाईनं सगळं सांगितलं. मी गुडघ्याच्या ऑपरेशनला पुण्याला गेले आणि नंतर हडपसरला अनुपमाकडं पाय लांब करून पडले. दोन महिने लेकीच्या घरचं खाल्लं, पाच तारखेला परत आले. जाताना साखरबाईला बजावलं होतं, आठवड्याला एक पाणी दे, शिमगा झाला की तेही कमी कर. आल्यावर ही बया मला सांगते, "आवो आक्का, तुमचा भाऊ येत व्हता की! दर तिसऱ्या-चवथ्या दिशी, फटफटीवर. पानी त्योच द्यायचा, खुरपायचा त्योच. दोनदा खत बी टाकलं. आन् बगा की, कांदा कसा नारळावानी झालाय!"

नारळावानी! मी काठी टेकत परड्यात गेले आणि बघतच राहिले. एप्रिल अर्धा सरत आला, तरी पात हिरवीगार, ताठ उभी. मान एकाचीही पडलेली नाही. अंगठ्यानं दाबून बघितली, तर उसाच्या वाढ्यासारखी जाड. अरे, तळेगावात खताचं दुकान काढून तुला वीस वर्षं झाली. शेतकऱ्याला चिठ्ठ्या लिहून देतोस, हे एकरी इतकं टाका, ते इतकं टाका. आईच्या वाफ्याला काय लागतं ते मात्र कळलं नाही.

विसरला असशील, तर पुन्हा सांगते. रोप लावायच्या आधी वाफ्यात लेंडीखत, सालभर कुजलेलं, हातात घेतलं तर वास येऊ नये असं. सोबत निंबोळी पेंड. रोप लागलं की महिन्यानं शेणकाला, पातळ करून, मुळाशी. त्यानंतर पंधरा दिवसांनी पुन्हा एकदा. कांदा धरायला लागला की चुलीची राख, मूठ-मूठ. आणि बस. महाशिवरात्र आली की आई म्हणायची, "आज माझा उपास, आजपास्नं कांद्याचा बी." तिचा सुटायचा दुसऱ्या दिवशी. कांद्याचा सुटायचाच नाही. पात पिवळी पडली तरी घास द्यायचा नाही. उपाशी राहिला की तो पातीतलं सगळं पोटात ओढतो, मान मोडतो आणि मुकाट झोपतो. असा झोपलेला कांदा पुढच्या दिवाळीपर्यंत उठत नाही.

तू त्याला शिवरात्रीनंतर दोनदा जेवू घातलंस. झोपायला निघालेल्या पोराला उठवून श्रीखंड चारलंस.

आता मला सांग, बेण्याला काय ठेवू? माझं परडं केवढं, तुला माहीत आहे. एक साल कांदा, एक साल बी. यंदाचे निवडक कांदे दिवाळीपर्यंत टिकले, तर ते परत लावायचे, त्याला गोंडे येणार, त्यातून बी. ते बी तरी कुठं साठवता येतं? दुसऱ्या साली निम्मं उगवत नाही. म्हणजे आईनं तिच्या माहेराहून ओटीत आणलेलं बेणं आज या वाफ्यात आहे आणि जगाच्या पाठीवर दुसरीकडं कुठंच नाही. तो चपटा, गडद, फोडला की शेजारणीच्या डोळ्याला पाणी आणणारा कांदा. हे सडलं की संपलं.

तीन वर्षं आपण बोलत नाही. बोलायचं तोंड नव्हतं, तर माझ्या परड्यात यायला पाय कसे होते?

जित्या आईला उपाशी ठेवलंस, आणि ज्याला उपाशी ठेवायचं त्याला चारलंस. तुझं सगळं उलटंच.

चांगुणा

कासुर्डी, ३ मे

सोपान,

पत्र पोचलं, हे गोकुळ सांगतो. त्याचा टेम्पो बाजाराला तिकडं भाजी घेऊन येतो म्हणून बरं, नाहीतर तू म्हणाला असतास की पोस्टानं घोळ घातला. मी त्याला विचारलं, वाचलं का रे त्यानं?

"व्हय मावशी. मामांनी चष्मा लावला, वाचलं. परत वाचलं. घडी घालून खिशात ठेवलं."

"मग काय म्हणाला?"

"म्हणले, चहा घेतो का."

"आणि?"

"आन् काय, घेतला म्या चहा."

गोकुळलाही चांगलं सुनावलं. तो म्हणतो, "मावशी, म्या टेम्पोवाला हाय. तुमच्यात कशाला भरडताय मला?" बरोबर आहे त्याचं. पण राग यायचा तिथं माणूस सापडत नसलं की सापडेल त्याच्यावर निघतो.

कांदा काढला. वाट तरी किती बघायची? पाणी तोडून पंधरा दिवस झाले, तरी निम्म्याच्या माना उभ्याच. साखरबाई पातीवरून पाय फिरवायला निघाली होती, "मोडून टाकू की माना." मी म्हटलं, खबरदार. जबरदस्तीनं डोळे मिटले म्हणून कुणी झोपत नाही. पातीसकट सावलीत पसरला, चांगला आठ-दहा दिवस. मग इंचभर मान ठेवून कापला. कापताना हाताला ओल लागली. मे महिन्यात कापलेल्या कांद्याच्या मानेला ओल लागते, याचा अर्थ तुला सांगायला नको.

गावातली माणसं बघायला येतात. "आक्का, यंदा कांदा म्हंजी कांदा केलासा!" त्यांना काय सांगू? त्यांच्या डोळ्यात वजन भरतं. त्यातला एकेक कांदा पावशेराचा आहे. आईचा कांदा कधी मुठीबाहेर गेला होता का?

चाळीस निवडले. बारीक मानेचे, मध्यम अंगाचे, एकाच गड्ड्याचे. निवडताना चाळीस भरवायला मला दोन दिवस लागले, एरवी अर्ध्या तासाचं काम. मागच्या खोलीत बांबूच्या तट्ट्यावर पसरलेत, एकाला एक लागू न देता. बाकीचा खाऊन, वाटून संपवते. तुझ्या घरी एकही पाठवणार नाही.

आणि एक. साखरबाई म्हणते, तू येताना डबा आणायचास आणि आंब्याखाली बसून एकटाच खायचास. माझ्या ओसरीवर बसला असतास तर ओसरी झिजली नसती. चावी साखरबाईकडं होती. मागता आली नाही?

चांगुणा

कासुर्डी, २९ जून

पाऊस लागून राहिलाय. तट्ट्यावरचे सात गेले. वरून बघितलं तर चकचकीत. उचलला की बोट आत जातं.

उत्तर आलं नाही. येऊ नको देऊस. तुझं दुकान चालू दे.

चांगुणा

कासुर्डी, १० ऑगस्ट

सोपान,

काल तू येऊन गेलास. पौर्णिमेला ओसरीवर येऊन बसलास आणि चपला दारातच सोडल्यास, परका आल्यासारखा. मी राखी बांधली नाही. तूही हात पुढं केला नाहीस. त्याबद्दल मी काही लिहिणार नाही.

पण जे बोलणं झालं, त्यानं माझी रात्र गेली, म्हणून लिहिते.

तू सरळ मागच्या खोलीत गेलास. तट्ट्याशी बसलास, एकेक कांदा उचलून मानेशी नाक नेलंस आणि सडके बाजूला काढलेस. हात बरबटले तुझे. मी उंबऱ्यात उभी राहून म्हटलं, "किती गेले ते मोज. तुझंच कर्तृत्व हाय."

तू म्हणालास, "आक्का, पात पिवळी पडली व्हती. मला वाटलं, नत्र कमी पडलंय."

"पडणारच पिवळी! ती पडावी म्हणूनच घास तोडलेला. आईनं दुसरं काय शिकवलं तुला?"

"मला न्हाई शिकवलं. तुला शिकवलं. मी दुकानात व्हतो."

"मग फोन करून विचारायचं."

"तू उचलला असतास?"

"नसताच उचलला!"

यावर तू हसलास. तीन वर्षांत पहिल्यांदा मी तुला हसताना बघितलं, आणि असा संताप आला की काठी आपटली मी. तुला काय वाटलं, मी गंमत करते?

मग तू परसात हात धुतलेस, चपला घातल्यास आणि निघताना, पाठमोरा, माझ्याकडं न बघता म्हणालास, "खायला घालताना माणूस इचारत न्हाई, आक्का. त्याला वाटतं, आपण मायाच करतोय."

आणि फटफटीला किक मारून गेलास.

काय अर्थ त्याचा? कांद्याचं बोललास की आणखी कशाचं? बोलायचं तर तोंडावर बोल. असं वाक्य दारात टाकून जायचं, ही कुठली रीत? खडा मारावा आणि झाडाआड लपावं, तसं झालं. लहानपणी बोरीवर असाच लपायचास.

तुम्ही आईला उपाशी मारलंत असं मी म्हणाले, ते दहाव्याच्या दिवशी घाटावर, सगळ्या भावकीत म्हणाले. लपून नाही म्हणाले. सरू तुझी बायको, तिच्या तोंडावर म्हणाले, "सासूच्या ताटात अर्धी भाकरी आन् दुधी भोपळा वाढणारी तूच ना?" तिच्या डोळ्यातून पाणी आलं, तरी म्हणाले. तू मधे उभा होतास. तेव्हाही तुझ्या तोंडातून शब्द फुटला नाही.

एकवीस राहिलेत. हे लिहिताना वास येतोय, बहुतेक वीस.

चांगुणा

कासुर्डी, २६ ऑक्टोबर

सोपान,

हे पत्र तीनदा फाडलं. चौथ्यांदा लिहिते. सरूला वाचून दाखव. तिला वाचता येतं मला माहीत आहे, पण तू मोठ्यानं वाच, तुझ्या तोंडून तिला ऐकू दे.

दिवाळीआधी खोली झाडायला काढली तेव्हा तट्ट्यावर एक कांदा होता, चाळिसांतला सगळ्यात देखणा. रंग काय, अंग काय, लखलखीत. म्हटलं, हा तरी तरला. बेण्याला लावताना शेंडा कापतात तसा कापून बघितला. आत नुसतं पाणी. सगळे पदर विरघळलेले, आणि वरच्या टरफलावर तकाकी.

तशीच तकाकी आईच्या गालावर होती. शेवटच्या त्या आठवड्यात. आठवतं? सरू म्हणाली होती, "वन्सं आल्यापास्नं आत्याबाईंच्या तोंडावर तेज आलंय." आणि मी गालातल्या गालात हसले होते.

सोपान, मी तिला आमरस चारत होते.

आखितीला आले होते मी तुमच्याकडं. डॉक्टरनं साखर किती वाढलीय ते सांगितलेलं, सरूनं कागद भिंतीला चिकटवलेला, काय द्यायचं, किती द्यायचं. मी म्हटलं, कागद बघून कुणी आईला जेवू घालतं का? पहिल्याच दुपारी आई माझा हात धरून म्हणाली, "चांगू, तोंडाला चव न्हाई गं. एवढासा रस दे." तू दुकानात, सरू रानात. मी दिला. दुसऱ्या दिवशी पुरणपोळी, तुपात बुडवून. तिसऱ्या दिवशी पुन्हा रस. तिच्या खाटेखाली माझ्या स्टीलच्या डब्यात झाकून ठेवायचे. ती खायची, मला आशीर्वाद द्यायची आणि झोपायची. चौथ्या दिवशी ती उठेना.

दवाखान्यात डॉक्टरनं विचारलं, "खाण्यात काही वेगळं आलं का?" सरू म्हणाली, "न्हाई वो, मोजूनच देते मी." मी भिंतीला टेकून उभी होते. तोंड उघडलं नाही. डॉक्टर म्हणाला होता, साखर होती, जंतुसंसर्गही होता, वयही होतं. मी त्यातलं वय धरून बसले तीन वर्षं. नेमकं काय झालं, ते त्यालाही सांगता आलं नाही, मला कुठून येणार? पण न विचारता चारलं ते मी. आणि दहाव्याला ओरडले तीही मीच. ओरडले, कारण कुणीतरी ओरडायच्या आत मला ओरडायचं होतं.

आणि आता ज्याची लाज वाटते ते. तेराव्यानंतर सरूनं माझी पिशवी भरून दिली. घरी येऊन उघडली, तर तळाशी डबा. त्यावर यांचं नाव घातलेलं, म्हणजे माझाच. राखेनं घासून आरशासारखा लख्ख केलेला, आणि आत, रिकामा डबा माहेरून देऊ नये म्हणून, मूठभर तांदूळ. आईला दवाखान्यात नेलं तेव्हाच तो तुम्हाला खाटेखाली सापडला असणार.

तुम्हाला माहीत होतं. घाटावर मी सरूचं वस्त्रहरण करत होते, तेव्हा तुम्हाला दोघांना माहीत होतं.

आता ऐक, मला राग कशाचा आहे. कांद्याचा नाही. म्हणजे आहे, पण तो वरचा. मला राग आहे तुझ्या मुकेपणाचा. तुला तोंड नव्हतं? भर घाटावर म्हणायचं होतंस, "आक्का, खाटेखालचा डबा कुणाचा?" माझी अब्रू गेली असती, तर गेली असती. महिनाभर रडले असते आणि मोकळी झाले असते. तू मला वाचवलंस आणि तीन वर्षं तुझ्या घरच्या उंबऱ्याला मुकवलंस. सरूनं माझ्या वाटचं पाप अंगावर घेऊन भावकीत मान खाली घातली आणि तू तिला घालू दिलीस. ही कसली माया? आणि एवढं सगळं पोटात ठेवून पुन्हा माझ्याच परड्यात खुरपत बसलास, आंब्याखाली डबा खात. निदान ते खुरपं तरी आपटायचंस एकदा!

माझं चुकलं. सरू, तुझ्यापुढं माझं चुकलं. हे इथं लिहिलंय, पण पुरणार नाही. आईचं श्राद्ध येईल तेव्हा भावकी असेल, तिथं मी उभ्यानं सांगणार आहे. अडवू नका.

कांदे नऊ राहिले. टणक आहेत, दाबून, हुंगून, उजेडात धरून बघितलेत. चार मी इथं लावले काल. पाच गोकुळबरोबर धाडते, कापडात बांधून, भुशात घालून. माझ्या परड्यात गारा पडल्या तर तुझ्याकडचे राहतील. तुमच्या मागच्या दाराला, आईचा वाफा होता तिथंच लाव, दुसरीकडं नको. वरचा तिसरा हिस्सा काप, कापलेल्या जागी राख लाव, दोन कांद्यांत फूटभर अंतर. आजूबाजूला कुणी बेण्याचा दुसरा कांदा लावला असेल, तर आधी मला कळव. मधमाशी दोन्हीकडं जाते.

आणि ह्यांना उपास नाही, नीट ध्यानात ठेव. पोटुशा बाईसारखं यांचं. दांडा फुटला की शेणकाला, गोंडा वर आला की पुन्हा. तुझ्या दुकानातलं काही घालावंसं वाटलं तर घाल, पण आधी फोन कर. मी उचलेन.

पण त्याआधी पत्र लिही. "आक्का, झालं गेलं" असलं लिहिलंस तर न वाचता चुलीत घालीन. जे घाटावर बोलायचं राहिलं ते लिही. सरूला विचार, तीन वर्षांत माझ्याबद्दल तिच्या मनात काय काय आलं, ते तिच्याच शब्दांत लिही, गाळू नको. पानं किती लागतील ती लागू देत. गोकुळ मंगळवारी परत येतो, त्याला चहा पाजून रिकाम्या हातानं पाठवू नकोस.

वाट बघते.

चांगुणा